भोक पाडलेला सम्राट

चेऊलच्या बंदरात धुकं उतरलं की रोमची गलबतं आभाळातच तरंगतायत असं वाटे. अशाच एका पहाटे फाबियस नावाचा रोमन व्यापारी सामा कासारणीच्या दुकानापुढे थबकला. दारात काशाच्या रोमन नाण्यांची माळ वाऱ्यावर किणकिणत होती. प्रत्येक नाण्यावर एका बाजूला सम्राट, दुसऱ्या बाजूला देव आणि वर दोऱ्यासाठी भोक.

"आमच्या सम्राटाचं डोकं फोडलंस? दुकान उठवतो तुझं!" तो गरजला.

सामा हसली. "शेठ, तुमच्याकडे याच सम्राटाच्या बदल्यात मासळी आणतात ना? भोक पडलेलं नाणं बाजारात कुणी घेत नाही. आता हा कुणाच्या तरी लेकीच्या गळ्यात राहील. याला पुन्हा कुणी विकणार नाही."

फाबियसने कमरेची थैली उघडली. मग त्यातलं एक नाणं त्याने हलकेच तिच्यापुढे ठेवलं.

"यावर आमचा समुद्राचा देव आहे. यालाही बाजारातून सोडव."