दमलेली म्हैस

म्हशींच्या गळ्यात अजून दावं पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. भुरी म्हैस डबक्यात बसून बसून दमली होती. काठावरचा बगळा मात्र उपाशी होता, कारण म्हैस गवतातून चालली तरच नाकतोडे उडायचे आणि त्याचं पोट भरायचं.

"आक्का, जरा माळापर्यंत चला की," तो म्हणाला.

"अंगात त्राण नाही रे. सकाळपासून बसलेय."

"बरं, नुसत्या उभ्या तरी राहा."

कटकट मिटावी म्हणून ती उठली. उठलोच आहोत तर म्हणून माळापर्यंत गेली. संध्याकाळी परतली, तेव्हा दमायचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बगळा भरल्या पोटी डुलक्या काढत होता. भुरीनं त्याला शिंगानं ढोसलं.

"ऊठ रे, चालायला जाऊ. आज मी फारच दमलेय."