मानाच्या वहाणा

फार पूर्वी शालपूर नगरात जयमित्र राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या घरी जन्मला. त्याचे नाव क्षेमक. वडिलांच्या मागे व्यापाऱ्यांचा तांडा घाटापलीकडच्या नगरात नेण्याचे काम त्याच्याकडे आले. घाट खडा होता. चढताना दम जाई आणि उतरताना पाय जात. वाघाला आणि चोराला भिणारे लोक पुष्कळ होते. पायाच्या फोडाला भिणारा क्षेमक एकटाच.

त्याची एक रीत होती. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, दिवसभर हिंडून लोकांचे पाय सुजले की, तो प्रत्येकाला वहाणा घालून वेशीबाहेरच्या उतारावरून चालवी. बोटे पुढच्या कडेला भिडली, तर म्हणे, "मोठ्या घ्या." टाच निसटली, तर म्हणे, "पट्टा आवळा." कोणी कोऱ्या करकरीत वहाणा घालून आला, तर त्या गाठोड्यात बांधायला लावी आणि पायाला सरावलेल्या जुन्या घालायला सांगे.

"सकाळचा पाय लहान असतो, बाबांनो," तो म्हणे. "दुपारी तो वाढतो, वहाण काही वाढत नाही."

तांड्यात धनिल नावाचा एक व्यापारी होता. तो म्हणे, "पायीची वहाण पायीच बरी, सार्थवाह. तुम्ही तर ती डोक्यावर घेतलीत!" लोक हसत. क्षेमकही हसे आणि पुढच्याचा पाय हातात घेई.

पलीकडच्या नगराचा एक नियम होता. तांड्याच्या पुढे चालत जो वेशीतून आत शिरेल, त्याच्याच हाती पुढल्या वर्षीचा तांडा द्यायचा. हा मान क्षेमकाच्या घरात आजोबांपासून चालत आला होता आणि तो त्याला फार प्रिय होता. हे सांगून ठेवलेले बरे, नाही तर पुढची गोष्ट उगाच सोपी वाटायची.

एका वर्षी तांड्याबरोबर रेवती नावाची विधवा निघाली. तिची धाकटी लेक पलीकडे दिलेली होती, आणि तिचे दिवस भरले होते. थोरली लेक पहिल्या बाळंतपणातच गेली, तेव्हा रेवती अजून वाटेत होती. "या खेपेला मी उशाशी असणार," ती भेटेल त्याला सांगत होती. आदल्या संध्याकाळी ती जुन्या वहाणा घालून उतारावरून चालली. क्षेमकाने त्या पाहिल्या आणि मान डोलावली.

सकाळी तिने त्या जुन्या वहाणा शेजारणीला देऊन टाकल्या. पायात घातल्या त्या विहिणीने पाठवलेल्या तांबड्या, जरीच्या कशिद्याच्या. लुगड्याच्या घोळाखाली त्या कोणाला दिसल्या नाहीत. चढ कसाबसा निभावला. उतार लागला, तशी बोटे पुढे आदळू लागली, आणि दुपार कलताना ती एका दगडावर मटकन बसली.

क्षेमक मागे वळून आला. "मावशी, काल या नव्हत्या."

"विहीणबाईंनी पाठवल्यात. मानाच्या आहेत. त्यांच्या दारात जुनी पायताणं फरफटत गेले, तर माझ्या लेकीला जन्मभर ऐकावं लागेल."

"गाठोड्यात आणायच्या होत्या. दारात घालता आल्या असत्या."

"तेवढं सुचलं असतं, तर इथे बसले असते का?" ती चिडून म्हणाली आणि मग रडू लागली. "थोरलीच्या वेळी उशीर झाला रे. आता पुन्हा तेच."

त्या उतारावर बैलांच्या पाठीवर माणूस बसवीत नसत. धनिल म्हणाला, "हिला इथल्या धनगरांच्या वस्तीवर ठेवू. परतताना घेऊन जाऊ."

"परतताना काय उपयोग?" क्षेमक म्हणाला. खाली नगराची वेस दिसत होती. तिच्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही तांडा घेऊन पुढे व्हा."

"म्हणजे वेशीतून पहिला मी शिरणार. कळतंय ना?"

"कळतंय."

धनिलाने दुसऱ्यांदा विचारले नाही.

क्षेमकाने आपल्या वहाणा काढल्या. पागोट्याची पट्टी फाडून तिचे तुकडे त्यांत भरले, दुसऱ्या पट्टीने टाच बांधली आणि रेवतीला चार पावले उतारावरून चालवले.

"बोटं लागतात?"

"नाही."

"टाच निसटते?"

"नाही रे बाळा. पण तुझं काय?"

"माझे पाय कोणी बाळंतपणाला बोलावलेले नाहीत," तो म्हणाला आणि अनवाणी चालू लागला. खडे टोचत होते. गेलेल्या मानाचे वाईटही वाटत होते. दोन्ही सोसत तो तिचा हात धरून उतरला.

दिवेलागणीला ती लेकीच्या दारी पोहोचली. पायरीवर बसून सुजलेला पाय ती पुन्हा तांबड्या वहाणेत कोंबू लागली, तोच विहीण दिवा घेऊन बाहेर आली.

"अगं बाई! या घालून घाट उतरलात की काय?"

"मानाच्या ना, विहीणबाई..."

"आमच्याकडे मानाच्या वहाणा नातवंडाच्या पाळण्याखाली ठेवायच्या असतात हो! पायात कोण घालतं?"

रेवतीने कपाळावर हात मारून घेतला. इतक्यात आतून हाक आली, "आई आली का?" वहाणा पायरीवर टाकून रेवती अनवाणी आत धावली.

पहाटे मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. पाळण्याखाली ठेवायला विहिणीने तांबड्या वहाणा उचलल्या, तेव्हा रेवती म्हणाली, "त्या नकोत." तिने क्षेमकाच्या धुळीने माखलेल्या, चिंध्या भरलेल्या वहाणा आणून तिथे ठेवल्या. विहिणीने त्यांना हळदकुंकू वाहिले. मग ओसरीवर रात्र काढलेल्या क्षेमकाला म्हणाली, "दादा, बाजार उघडला असेल. चला, तुम्हाला नव्या घेऊन देते."

"आत्ता नको, ताई," क्षेमक म्हणाला. "संध्याकाळी जाऊ."

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली, त्या दिवशी एक तरुण भिक्षू एका वृद्ध भिक्षुणीला दगडाळ वाटेवर मागे टाकून सर्वांच्या आधी विहारात पोहोचला होता. शास्ते त्याला म्हणाले, "तेव्हाची रेवती म्हणजे आज वाटेत राहिलेली ती भिक्षुणी. धनिल तू होतास, आणि सार्थवाह मी." भिक्षू उठला, दारातल्या वहाणा पायात घातल्या आणि आल्या वाटेने परत गेला. सार्थवाहाने त्या जन्मी बुद्धत्वाकडे नेणारी जी पारमिता आचरली, तिचे नाव मैत्री.