बॉदरेशनचा वाक्यात उपयोग

“मग नेम मोडला की नाही, एवढंच सांगा बुवा.”

प्रमिलाबाईंनी आषाढात इथेच, मठात, गोपाळबुवांसमोर नेम धरला होता, की चातुर्मासभर आपल्या घरात वैतागाचा शब्द निघणार नाही. शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांनी, दिघे सरांनीही मान डोलावली होती. कारणही तसंच होतं. सासऱ्यांच्या करवादण्याला कंटाळून सून, ऋजुता, बाळंतपणाला माहेरी गेली होती. भाद्रपदात नातू झाला. पण घरातली किरकिर थांबली तरच त्याला घेऊन येईन, असं ती म्हणून बसली होती.

आता कार्तिक आला. उद्यापन करावं, तर नेम पाळला गेला का तेच ठरेना.

“मी ‘वैताग’ म्हटलंच नाही,” सर म्हणाले. जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलेले. “‘कटकट’ नाही, ‘डोक्याला ताप’ नाही.”

“मग काय म्हणत होता?”

“बॉदरेशन.”

पावटे सोलणारे बुवांचे हात थांबले. “म्हणजे हो काय?”

“वैतागच, पण खानदानी. जुना शब्द आहे. आता खुद्द साहेबसुद्धा वापरत नाही.”

“दूध उतू गेलं, बॉदरेशन,” प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या. “दाराची बेल वाजली, बॉदरेशन. मी आरतीला घंटा वाजवली, तरी…”

“पण मराठीत एकदा तरी?” सरांनी विचारलं.

“नाही. ते मात्र खरं हो.”

सरांनी खटला जिंकल्यासारखं बुवांकडे पाहिलं.

बुवांनी हातातली शेंग टोपलीत टाकली.

“सर, परीक्षेत तुम्ही काय विचारायचात?”

“अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.”

“अर्थ तुम्ही सांगितलात. उपयोग बाई करतील.”

“अहो, तिला कुठलं…”

बुवांनी पावट्यांची टोपली उचलून सरांच्या मांडीवर ठेवली. सर निमूट सोलायला लागले.

प्रमिलाबाईंनी पदर सावरला. डोळे मिटले.

“बाळ घरी येऊ दे,” त्या म्हणाल्या. “रात्री-अपरात्री रडू दे. ह्यांचा चष्मा ओढू दे, पेपर फाडू दे… घरभर नुसतं बॉदरेशन होऊ दे.”

शेवटचा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसं नैवेद्यावर तुळशीचं पान ठेवावं.

सरांच्या हातातली शेंग अर्धी सोललेलीच राहिली…

“व्याकरण?” बुवांनी विचारलं.

सरांनी घसा खाकरला. “बरोबर आहे.”

“मग उद्यापन करू ना?” प्रमिलाबाई म्हणाल्या.

बुवांनी मठाचा फोन सरांपुढे सरकवला.

“सुनेला लावा, सर. आणि बाईंनी म्हटला ना, तो शब्द तस्सा म्हणून बघा.”