बुवांचा फोटो

“बुवा, तुमचा एखादा बरा फोटो आहे का?”

विरूपाक्षबुवा चटईवर बसून सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. अकरा वर्षांनी शिष्य दारात आला होता, आणि तब्येत विचारायच्या आधी त्याने फोटो मागितला होता.

“कशाला रे?”

“गुरुपौर्णिमेला. पुण्यात आमच्या मंडळाचा उत्सव आहे. व्यासपीठावर चौरंग, त्यावर तुमचा फोटो, दोन्ही बाजूंना समया. आधी तुमची पूजा, मग माझं गाणं.”

“हार घालणार फोटोला?”

“तर! मोगऱ्याचा. चांगला गुडघ्यापर्यंत येईल एवढा.”

“फोटोला गुडघे असतात होय?”

सुकुमारने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

…

पंडित सुकुमार कारदगे. नावामागे पंडित लागून सहा-सात वर्षं झाली होती, आणि ते त्याला शोभतही होतं, उगाच खोटं कशाला बोला. गळा तयार होता, नाव देशभर होतं. तो गळा जिथं तयार झाला ती ही खोली. कृष्णाकाठी दत्ताच्या देवळामागे धर्मशाळा आहे, तिच्या टोकाला. एक चटई, एक ट्रंक, कोपऱ्यात गवसणी घातलेला तंबोरा. इथं तो नऊ वर्षं राहिला होता.

आता शिकायला कुणी येत नव्हतं. दुपारी पुजारी प्रसादाचा भात ठेवून जाई आणि “बुवा, ठेवलाय हो,” म्हणे. दिवसभरात माणसाचा आवाज तेवढाच.

“बस की जरा,” बुवा म्हणाले.

सुकुमार बसला, पण उंबऱ्याशीच. बाहेर गाडी उभी होती. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

“हो, पोचलो. फोटो मिळेलच आता. आमच्या गुरूंकडेच आहे, विरूपाक्षबुवांकडे…”

नाव घेताना त्याचा उजवा हात कानाच्या पाळीला गेला आणि डोळे मिटले. गवयांची ही रीतच आहे. गुरूचं नाव घ्यायचं ते कानाला हात लावून. पण इथं गुरू दोन हातांवर बसला होता, आणि शिष्याचे डोळे मिटलेले होते.

बुवा ते बघत राहिले.

“मैफलीतसुद्धा असंच करतोस?”

“दर मैफलीत, बुवा. तुमचं नाव घेतल्याशिवाय पहिला सा लावत नाही. हजार हजार माणसं ऐकतात.”

“ठाऊक आहे. त्यातलाच एकजण चैत्रात इथं आला होता, दर्शनाला. मला बघून दचकला बिचारा.”

“का?”

“म्हणाला, तुम्ही आहात होय अजून?”

सुकुमार हसायला गेला. हसू आलं नाही.

…

“चुकलंच माझं, बुवा.” तो उंबऱ्यावरून आत सरकला. “फोटो राहू द्या. तुम्हीच चला. गाडी आहे, त्रास होणार नाही. चौरंगाच्या जागी खुर्ची ठेवू.”

“मी तिथं काय करू?”

“काही नाही करायचं. बसायचं. लोक पाया पडतील.”

“आणि तू गाशील तेव्हा कुणाकडे बघशील?”

“लोकांकडे. समोर लोकच असतात ना, बुवा.”

“असतात खरे.”

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. ट्रंक उघडली. कपड्यांच्या तळाशी जुन्या उपरण्यात गुंडाळलेली एक तसबीर होती. ती दाराच्या उजेडात आणून त्यांनी धोतराच्या सोग्याने काच पुसली. घाई अजिबात नव्हती. अकरा वर्षं ज्याला घाई करायला कुणी लावलं नाही, तो माणूस असाच पुसणार.

“घे. हा एकच आहे.”

सुकुमारने हातात घेतला. घाटाची पायरी. पायरीवर विशीतला एक तरुण, मांडीशी तंबोरा, गाता गाता तोंड उघडं राहिलेलं. कुणा यात्रेकरूने काढलेला फोटो.

“हा तर मी, बुवा. तुम्ही कुठं आहात यात?”

“नीट बघ.”

त्याने नीट बघितलं. फोटोतला तरुण कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. तो डावीकडे, फोटोच्या बाहेर, थोडं वर कुठंतरी बघत होता. चेहऱ्यावर भीती होती आणि आनंदही होता, दोन्ही एकदमच.

“कुणाकडे बघतोयस?”

…

सुकुमारला ती सकाळ आठवली. तोडी रागातली एक जागा तीन महिने गळ्यातून निघत नव्हती. त्या दिवशी ती पहिल्यांदा निघाली. बुवा एक पायरी वर बसले होते. वाहवा त्यांनी केली नाही, ती ते कधीच करत नसत. फक्त त्यांचा अडकित्ता थांबला होता. त्या थांबण्यासाठी आपण नऊ वर्षं काढली, हे तो विसरूनच गेला होता. आता आठवलं तसं त्याला फार एकटं वाटलं. हजार माणसांतही तसं पुन्हा कुणी थांबलं नव्हतं.

“तुमच्याकडे,” तो म्हणाला.

“मग माझाच की तो फोटो. याहून बरा माझ्याकडे नाही.”

फोन पुन्हा वाजला. बराच वेळ वाजला आणि आपोआप थांबला. सुकुमार तसबिरीकडेच बघत होता. काचेवर एक थेंब पडला, तो त्याने अंगठ्याने पुसला.

“पण बुवा… याला हार कसा घालू मी?”

बुवा चटईवर जाऊन बसले. अडकित्ता उचलला. सुपारी मात्र कातरली नाही.

“घालू नकोस,” ते म्हणाले. “त्या पोराची मी अजून वाट बघतोय.”