अमावस्येचा हरभरा

टांगे अजून चालत होते त्या काळी एका घाटाच्या पायथ्याशी एक तरणाबांड घोडा राहत असे. मुलांनो, तुम्ही टांग्यात कशाला बसला असाल! आम्ही मात्र त्यातच वाढलो. भिजवलेल्या हरभऱ्याचा तो वास आठवला की मला आजही त्या दिवसांत परत जावेसे वाटते.

घोडा रोज घाट चढून माणसांना स्टेशनावर पोहोचवी. संध्याकाळी टांगेवाला त्याच्यापुढे हरभऱ्याची भरलेली पाटी ठेवी. अमावस्येला टांगा जुंपायचा नाही, असा त्याच्या घरचा रिवाज होता. त्या दिवशी घोड्याला मूठभर हरभरा आणि बाकी वाळलेले गवत मिळे. घोडा फुरफुरत म्हणे, "एक दिवस विसावलो, तर लगेच पोटाला चिमटा?" शेजारी एक म्हातारी घोडी बांधलेली असे. पूर्वी हाच टांगा तिने ओढला होता. ती म्हणे, "अरे, दाणा चढणीवर जिरतो. उभ्या उभ्या खाल्लास तर पायांत उतरेल."

एका अमावस्येला टांगेवाला हरभऱ्याच्या पोत्याचे तोंड बांधायला विसरला. घोड्याने लगेच मान लांबवली. "नको रे बाळा, उद्या घाट आहे," घोडी कळवळून म्हणाली. "मावशी, आधी पोटोबा!" असे म्हणत पठ्ठ्याने दोन पाट्यांचा हरभरा फस्त केला आणि दिवसभर जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी टांग्यात परीक्षेला निघालेली एक मुलगी बसली होती. पहिल्याच वळणावर घोड्याचे मागचे पाय लाकडासारखे ताठले. घामाने निथळत तो उभा राहिला. "काका, माझी गाडी चुकणार!" म्हणून मुलगी रडू लागली. टांगेवाल्याचाही नाइलाज झाला. त्याने घोड्याला सोडले आणि धावत जाऊन म्हाताऱ्या घोडीला आणून जुंपले. ती तो घाट चढली, कशी ते तिचे तिलाच ठाऊक. मुलीला गाडी मिळाली. घोडी मात्र लंगडत परतली आणि तो पाय तिला पुन्हा कधीच नीट टेकता आला नाही.

घोडा आठवड्याभरात बरा झाला, पण त्याला तिच्याकडे बघवेना. पुढच्या अमावस्येला त्याने आपला मूठभर हरभराही तिच्याकडे सरकवला. "मावशी, तुम्ही खा. माझ्यापायी तुमचा पाय गेला."

घोडीने तो हळूच परत ढकलला. "वेड्या, तुझी अमावस्या महिन्यातून एकदा येते. माझी आता रोजचीच आहे. तुझ्या वाट्याचं तू खा, आणि उद्या घाट नीट चढ. वरच्या झऱ्याचं पाणी अजून गोड आहे. त्या दिवशी पुन्हा प्यायला मिळालं, बरं वाटलं."

घोड्याने मान खाली घातली आणि मूठभर हरभरा एकेक दाणा चावून खाल्ला.

तात्पर्य : कष्टाच्या दिवशी पोटभर खावे, विसाव्याच्या दिवशी बेताने, नाहीतर आपल्या जिभेचा भार दुसऱ्याला ओढावा लागतो.