पदीचा मांडव

शहरातल्या वनस्पती उद्यानात काचघर पाहून, सिंहलद्वीपाहून आणलेल्या ताडांच्या रांगेतून पुढं गेलं की डाव्या हाताला एक लोखंडी मांडव लागतो. भोवती एवढी हिरवाई, पण या मांडवावर एक पान नाही. निवृत्त माळी दगडूअप्पा पाहुण्यांना इथं हटकून थांबवतात, पायातल्या वहाणा काढतात आणि सांगू लागतात.

तेव्हा ही बाग संस्थानची होती म्हणे. केशवपंत दाभोळे तिचे कारभारी. देशोदेशींची झाडं त्यांनी इथं आणून लावली, तरी दुसऱ्या कुठल्याच बागेत नाही असं काहीतरी आपल्याकडं असावं, हा ध्यास काही सुटेना. घाटातल्या एका देवराईत दीपवेल आहे, ती सात वर्षांतून एकदा फुलते, असं त्यांच्या कानावर आलं. राईची राखण पदी नावाची ठाकरीण करायची. वेलीची जागा तिलाच ठाऊक. पंतांनी वेल मागितली.

"देवाची हाय, सरकार," पदी म्हणाली. "माझी असती तर दिली असती."

पंधरा दिवसांत तिचा नवरा कमळू राखीव रानात ससा मारल्याच्या आरोपावरून तुरुंगात गेला. मागोमाग पंतांचा निरोप आला, वेल दाखव, नवरा सोडवतो.

पदीनं देवापुढं नाक घासलं आणि वाट दाखवली. वेल नुकतीच फुलून गेली होती. गड्यांनी ती मुळासकट, मातीच्या गड्ड्यासह उचलून गाडीत ठेवली. मग पंतांनी राईला आग लावायला सांगितली. दुसऱ्या कुणाला तिची काडीही मिळू नये म्हणून! झाडं जळाली, पाखरं जळाली, देव म्हणून पुजलेला शेंदरी दगड, तो तांदळा, काळाठिक्कर पडला. पदीनं एवढंच विचारलं, "माझा मानूस?"

"वेल बागेत जगू दे, फुलू दे," पंत म्हणाले. "मग सोडतो."

पदी गाडीमागून चालत शहरात आली. वेल या लोखंडी मांडवावर चढवली गेली. सात वर्षं तिनं त्या वेलीला पाणी घातलं, कीड बोटांनी वेचली. दर बाजाराच्या दिवशी ती कमळूसाठी भाकरी बांधून तुरुंगाच्या दारावर द्यायची. फडकं रिकामं परत यायचं. तो जेवतोय, एवढ्या आधारावर तिचा आठवडा निघायचा.

सातव्या चैत्रात वेल कळ्यांनी लगडली. अमावास्येला महाराज फुलं पाहायला येणार, असं ठरलं. आदल्या दिवशी पदी भाकरी घेऊन गेली, तर दारावर नवा शिपाई.

"कमळू ठाकर?" तो म्हणाला. "तो तर पहिल्याच पावसाळ्यात हगवणीनं गेला, बाई."

"मग भाकरी कोण खातं?"

शिपायानं आत जेवायला बसलेल्या जुन्या शिपायांकडं पाहिलं.

पदी तशीच परतली. अमावास्येला सकाळी, महाराजांची बग्गी फाटकात शिरत असताना, तिनं कोयत्यानं वेल बुंध्यात तोडली. मग मुळं खणून काढली आणि त्यांचे बोटभर तुकडे केले. जगात तेवढी एकच दीपवेल उरली होती, हे तिला माहीत होतं. देवाचं आपण काय केलं, हेही.

पंतांनी तिला त्याच मांडवाला बांधलं. लोखंड तापत गेलं. "हिच्या तोंडात जो पाणी घालील, तो हिच्याशेजारी उभा राहील," असं त्यांनी बजावलं. माळी दिवसभर भरल्या झाऱ्या घेऊन तिच्यापुढून जात-येत होते. ती एकेकाला नावानं हाक मारून पाणी मागत होती. सात वर्षं बरोबर काम केलेली माणसं ती. कुणी थांबलं नाही. दिवस मावळताना हाक बंद झाली.

पंतांना शिक्षा झाली का, असं पाहुणे विचारतात. नाही. त्यांना पुढच्या दसऱ्याला मानाची शाल मिळाली, असं सांगतात. त्यांनी मांडवावर पुन्हा नाना वेली चढवून पाहिल्या. एकही धरली नाही.

आजही चैत्री अमावास्येला या बागेत कुणी झारी उचलत नाही, नळ सोडत नाही. साहेब बदलले, नोटिसा निघाल्या, पगार कापले गेले. माळी कामावर येतात, पण त्या दिवशी स्वतःही पाण्याचा थेंब घेत नाहीत. दुपारपर्यंत रोपवाटिकेतली कोवळी रोपं माना टाकतात. माळी त्यांच्यासमोर बसून राहतात, दिवस मावळेपर्यंत.