भिवरेचा हात

फार वर्षांपूर्वी, तुमच्या-माझ्या आज्याचा आजाही रांगत नव्हता तेव्हा, सह्याद्रीच्या कुशीत कातळवणे नावाचं गाव होतं. गावाच्या डोक्यावर भला थोरला काळा कडा उभा होता. त्याच्याकडे बघून गावाला धीर यायचा. भिवरा पाथरवटणीला मात्र घाम फुटायचा.

भिवरा घरोघर फिरून जात्यांना टाकी लावायची. दळून दळून गुळगुळीत झालेल्या दगडी पाळ्यांना छिन्नीने पुन्हा दात पाडून द्यायची. नुसता हात ठेवला तरी तिला दगडाचं दुखणं कळे, असं म्हणतात.

कड्याच्या भेगेत एक उंबर उगवला होता. गाव भाविक. उंबर तोडायचा नाहीच, उलट दर गुरुवारी बायाबापड्या घागरी घेऊन वर चढत आणि त्याच्या मुळाशी, म्हणजे थेट भेगेत, पाणी ओतत. मुळं पोसत होती आणि भेग रुंदावत होती. पूर्वी जिथे भिवरेचं बोट शिरत नसे, तिथे आता मूठ जाऊ लागली. आतला दगड चिमटीत भुगा होऊन येई.

ती चावडीवर पाटलांकडे गेली. "पाटील, त्ये पाणी थांबवा. कडा आतनं कुजलाय."

"अगं भिवरे, दगड कधी झिजतोय व्हय?"

"न झिजायला काय झालं? तुमची जाती झिजत्यात, म्हणून तर मी जेवते!"

चावडीवरचे सगळे हसले. पाणी काही थांबलं नाही.

भिवरेचा जीव थाऱ्यावर राहीना. तिची लेक गोदा बाळंतपणाला आलेली, आणि खोपट अगदी कड्याखाली. भिवरेने आडोशाच्या जागी भेगेवर आडवा चिखल थापला आणि त्यावर आपला पंजा उमटवला. कडा हलला तर चिखल फुटणार. रोज उठून ती धावत वर जाई, पंजा बघे, मगच चूल पेटवी.

श्रावणात गोदा बाळंत झाली आणि झड लागली. एका दुपारी ती पुन्हा वर गेली, तर पंजा मधोमध फुटलेला दिसला. भेगेतून गढूळ पाणी येत होतं. भिवरा धडपडत खाली आली. ओल्या बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत, पावसात तर नाहीच नाही. पण भिवरेने लेकीला घोंगडीत गुंडाळलं, तान्ह्याला तिच्या कुशीत दिलं आणि भर पावसात बाहेर काढलं.

तिच्या बोलण्यावर हसणारं गाव ते बघून गारठलं. सख्खी आई असं करते, म्हणजे खरंच मरण आलंय! म्हातारेकोतारे, गुरंढोरं, सगळे ओढ्यापलीकडे निघाले. भिवरा मात्र उलटी वर गेली. तिने कड्याला पाठ लावली आणि म्हणाली, "बाबा, एवढा उभा ऱ्हायलास, माणसं निघूस्तवर आणिक थोडा ऱ्हा."

आणि कडा थांबला, असं म्हणतात. शेवटची गाय ओढा उतरून गेली, तेव्हा तो खाली आला. भिवरा कुणाला सापडली नाही.

गाव आता ओढ्यापलीकडे आहे, पण उरलेला कडा तिथूनही दिसतो आणि त्याला भेग आहे. तिथे कुणी पाणी ओतत नाही. पावसाळ्याआधी भेगेवर चिखल थापतात, आणि ज्या घरी लेक बाळंतपणाला आलेली असते, तिची आई त्यावर पंजा उमटवते. पावसाळाभर कातळवण्यात सकाळी कुणी रामराम करत नाही.

"हात शाबूत हाय का?" एवढंच विचारतात. उत्तर आल्याशिवाय आजही तिथे चूल पेटत नाही.